कडेचे आकडे

बाबांच्या कॅमेऱ्याचा पट्टा कुणीतरी आखूड करून ठेवला होता.

बाबा उंच. कॅमेरा त्यांच्या पोटावर लोंबायचा, आणि आत्या म्हणायची, निघाला आमचा बैल घंटा बांधून. पट्ट्याचं बक्कल इतकी वर्षं एकाच भोकात बसलं होतं, की त्या भोकाचा लांबट डोळा झाला होता. आता बक्कल पार वरच्या, कोऱ्या भोकात होतं. मी कॅमेरा गळ्यात घालून पाहिला. तो छातीशी येऊन थांबला. बुटक्या माणसाचं माप होतं ते.

रोल आत असताना मागचं झाकण उघडायचं नाही, हे मला अक्षरं यायच्या आधी शिकवलेलं. वर डाव्या बाजूला लहानशी मूठ असते, तिच्यावर नजर ठेवायची, हेही. पुढच्या फोटोसाठी खटका ओढला की ती मूठ आपोआप फिरली पाहिजे. फिरली तर आत फिल्म सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही हवेचे फोटो काढताय. मी मूठ बोटाने फिरवून पाहिली. ती सैल, मोकळी फिरली. मग झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. त्याच्या आठवडाभर आधी ते फोनवर म्हणाले होते, "रोल संपत आलाय. चारपाच उरलेत. यात तूही आहेस." मी विचारलं, कधी काढलात? ते म्हणाले, "ते गोष्टीत." मी ताणून धरलं नाही. पुढच्या खेपेला ऐकू म्हटलं.

मला तो एक फोटो हवा होता. त्यांनी मला शेवटचं कसं पाहिलं, एवढंच बघायचं होतं. आणि तो फोटो रोलच्या ज्या डबीत होता ती डबी कुणीतरी काढून नेली होती.

आत्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. बाबांची ही मोठी बहीण आई गेल्यापासून आमच्याकडेच राहते. मी रोलचं विचारलं.

"कसला रोल?" ती म्हणाली.

ज्या घरात वीस वर्षं फोटोंशिवाय दुसरा विषय नव्हता त्या घरातली बाई मला विचारत होती, कसला रोल. हातातलं ताट कोरडं होतं, तरी ती पुसत होती. मनगटावर बाबांचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरत होतं. ते गेले त्या दिवशी तिने ते त्यांच्या हातातून काढून आपल्या हातात घातलं, आणि कुणी काही म्हणालं नाही. बाबांनी ते आंघोळीलाही काढलं नव्हतं.

मी म्हटलं, कॅमेरा कुणी हाताळलाय. तर म्हणाली की माणूस गेल्यावर घरात सगळं गाव येऊन जातं, आपण दारात बसून चपला मोजत नाही. मग जरा वेळाने, मी विचारलं नसताना, म्हणाली, "कंपाउंडर येऊन गेले."

"कधी?"

"दोनदा. तीनदाही असेल. बसायला येतात."

आत्याचं आणि कंपाउंडरांचं कधी जमलं नव्हतं. तिच्या मते बाबांच्या डोक्यात फोटोंचं खूळ त्यांनीच घातलं. भिंती काढतात, दोऱ्या काढतात, लोकांच्या चपला काढतात, पण घरातल्या माणसाचा एक फोटो धड काढत नाहीत, हे ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. असा माणूस तिच्याकडे तीनदा बसायला येत नाही.

त्यांच्या मंडळाला नाव नव्हतं. चौघं होते: बाबा, कंपाउंडर, भूगोलाच्या बाई आणि टेलरमास्तर. सुट्टीच्या दिवशी दुपारी मास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत, कापड कापायच्या मोठ्या टेबलाभोवती जमायचे. एकच नियम होता: आधी गोष्ट, मग फोटो. फोटो पालथा ठेवायचा आणि त्यात काय आहे, तो का काढला, तेव्हा काय चाललं होतं, हे सांगायचं. रोल अजून कॅमेऱ्यात असला तरी चालेल. उलट बाबांना तसंच आवडायचं. ते म्हणायचे, फोटो हातात आला की माणूस फोटोत दिसतं तेवढंच आठवायला लागतो. गोष्ट सांगून झाली, की फोटो उलटायचा, आणि सांगणाऱ्याच्या डाव्या हाताला जो बसला असेल त्याने म्हणायचं, जुळलं किंवा नाही जुळलं. नाही जुळलं तरी कुणी रागवायचं नाही. मास्तर रागवायचे.

बाबा कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर माप पाठवत, बाबा प्लास्टरचे जबडे ओतून त्यावर लोकांचे नवे दात बसवत. मंडळात त्यांना 'दातवाले' म्हणत. गेल्या वर्षापासून त्यांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. शर्टाची बटणं आत्या लावून द्यायची. पण कामावर जायचे, आणि आठवड्याला एखादा फोटो काढायचे.

मी कंपाउंडरांकडे गेले तेव्हा दार मास्तरांनी उघडलं. गळ्यात मापाची पट्टी, हात ओले. मला पाहून ते हात शर्टालाच पुसायला लागले. मास्तर बुटके आहेत. इतकी वर्षं पाहते, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची उंची डोळ्यांनी मोजली.

कंपाउंडर आतून आले. औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या एका न्हाणीघराची डार्करूम केली होती. सगळ्यांचे रोल तिथेच धुतले जात. दार अर्धवट उघडं होतं. आत दोरीला ओले फोटो टांगले होते, आमच्याकडे पाठ करून. फळीवर दुकानातल्या जुन्या तपकिरी बाटल्या, आता फोटो धुवायच्या औषधांच्या, दुकानाची लेबलं ओलीने सुटून गेलेल्या. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, यातली कोणती कुठली कसं कळतं? ते म्हणाले होते, हाताला ठाऊक आहे.

मी आत पाऊल टाकायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं.

"बाबांचा रोल तुमच्याकडे आहे का काका?"

"आहे ना. धुवायला आणला. फोटोही होत आलेत. रविवारी बैठकीला ये."

"आत्ता बघितले तर?"

ते मास्तरांकडे बघून हसले. "दातवाल्यांची मुलगी असून असं विचारतेस? आधी गोष्ट."

मास्तरही हसले, जरा जास्तच वेळ. रोल आणायला कंपाउंडर गेले असतील तर कॅमेऱ्याचा पट्टा बुटक्या माणसाने का आखडावा, हा प्रश्न मी विचारला नाही. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते. चूक दिसली की लगेच बोंब मारायची नसते. पान संपवायचं असतं. पुष्कळदा पुढे तिची जोडीदारीण सापडते.

रविवारी मला बाबांच्या खुर्चीवर बसवलं. ती टेलरमास्तर आणि कंपाउंडर यांच्या मध्ये, कंपाउंडरांच्या डाव्या हाताला होती.

पहिली गोष्ट मास्तरांची. त्यांचं एक गिऱ्हाईक दर वर्षी त्याच पँटीची कंबर सैल करून घ्यायचं. यंदा आलं ते आखडून घ्यायला. आतून पाहिलं तर उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी, एकीखाली एक, झाडाच्या बुंध्यातल्या वळ्यांसारख्या. माणूस बारीक झाला की बायको खूश, टेलर खूश, डॉक्टर तेवढा विचारात. फोटो उलटला. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, जुळलं, पण कंबर कुणाची आहे ते आम्हाला कळायला नको होतं.

मग कंपाउंडरांनी एक गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. बाबांचे.

गोष्टी तिघांनी मिळून सांगितल्या. बाबांनी त्या गेल्या काही महिन्यांत याच टेबलावर सांगितल्या होत्या, आणि ह्यांना त्या पाठ होत्या. खिडकीत वाळत घातलेले प्लास्टरचे जबडे: आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगितलं, हे न सांगता उघडून ऊन खात बसलेत. बसथांब्याचा बाक, ज्याची एक फळी नवी आहे आणि सगळे नेमके तिच्यावरच बसतात. समोरच्या गॅलरीतली दोरी, तिच्यावर सगळे मोजे एकेकटे. बाई बाबांसारख्या थांबत थांबत बोलत होत्या. शब्द बाबांचेच होते; "नेमके" हा शब्द बाबा जसा मध्ये आणून आपटायचे तसाच तो आला. हे कुणाला रचून सांगता आलं नसतं. माझा संशय मलाच लाजिरवाणा वाटायला लागला.

कंपाउंडर एकेक फोटो उलटत गेले, म्हणून जुळलं म्हणायचं माझ्याकडे आलं. आणि ते सगळे सरळ होते.

बाबांचे फोटो डावीकडे जरासे कलतात. वर्षानुवर्षं एका डोळ्याला भिंग लावून, मान तिरकी करून काम केलेलं. त्यांना तिरकं तेच सरळ दिसायचं. आमच्या घरातल्या भिंतीवर जितके फोटो आहेत त्यांत आकाश उजवीकडून डावीकडे ओघळतं. इथे बाकाची फळी पट्टीने आखल्यासारखी होती. मी जुळलं म्हणत गेले. छापताना सरळ केले असतील म्हणून स्वतःची समजूत घातली.

मग आत्याची गोष्ट आली. बाई म्हणाल्या, दातवाले सांगत होते, आमची ताई मटार सोलताना माझ्याशी भांडते, आणि भांडण रंगलं की दाणे भांड्याबाहेर पडायला लागतात. जमिनीवरचे दाणे मोजले की भांडण किती मोठं होतं ते कळतं. फोटो उलटला. मांडीवर भांडं, शेंगा, दोन सुरकुतलेले हात. जमिनीवर दाणे. सुंदर फोटो होता.

आत्याच्या मनगटावर बाबांचं घड्याळ होतं.

माझी पाळी होती. तिघं माझ्याकडे बघत होते. मी जुळलं न म्हणता फोटो उचलून पर्समध्ये ठेवला, आणि त्यांना तो गहिवर वाटला. कंपाउंडरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"एक राहिला," बाई हलकेच म्हणाल्या. "तुझा." त्याची गोष्ट अशी होती: मी मागच्या खेपेला आले होते तेव्हा खिडकीशी मुद्रितं तपासत बसले होते, पेन्सिल केसांत खोचून, आणि तीच पेन्सिल टेबलावर शोधत होते. बाबा दारात उभे होते. मी मान वर करीन म्हणून थांबले. केली नाही. मग म्हणाले, असू दे, ही अशीच आहे, आणि तसाच काढला.

"तो फोटो?" मी विचारलं.

"तेवढा आला नाही गं," कंपाउंडर म्हणाले.

घरी आले तेव्हा आत्या गॅलरीत बसली होती. मी फोटो तिच्या पुढ्यात ठेवला आणि घड्याळावर बोट ठेवलं.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, घड्याळ काढून ठेवते. तर तो शिंपडा म्हणाला, राहू दे आक्का, कोण बघतंय."

मग सगळं बाहेर आलं. रोल कोरा निघाला होता. बोटांत जोर नाही, फिल्मचं टोक खाचेत अडकलंच नाही, आणि बाबा महिनोन्महिने खटका ओढत राहिले, असं कंपाउंडर म्हणाले होते. पोरीला हे कळलं तर काय वाटेल, म्हणून तिघांनी ठरवलं. गोष्टी पाठ होत्याच. मास्तर बाबांचाच कॅमेरा गळ्यात घालून सगळीकडे फिरले, बाईंनी बाबांच्या कामावरून जबडे मागून आणून खिडकीत मांडले, आत्याने मटार सोलले. माझा तेवढा जमला नाही, कारण त्याला मी हवी होते.

"भांडायला समोर कुणी नव्हतं," आत्या म्हणाली. "दाणे मुद्दाम टाकावे लागले."

मी त्या तिघांवर चिडू शकले नाही. पण आत्याने एकदा बोलून टाकल्यावर ते गल्लीभर झालं, आणि एक शब्द कानावर पडायला लागला: बिचारे. दूधवाला म्हणाला, शेजारीण म्हणाली, शेवटी बिचाऱ्यांना आपण काही काढत नाही हेही कळलं नाही. बाबांसाठी हा शब्द कुणी वापरलेला मी ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढेही तेच यायला लागलं: दारात उभे असलेले बाबा, मान तिरकी, माझ्यावर नजर, आणि आत काहीच सरकत नाही.

तिथेच मी अडले. बोटं गेली होती, डोळे नव्हते गेले. मूठ फिरते का बघ, हे ज्याने मला शिकवलं त्याने इतके दिवस ती पाहिली नसेल? एकदाही?

काही दिवसांनी कंपाउंडरांकडे जाऊन मी सांगितलं की मला कळलंय. त्यांचे खांदे उतरले, सुटल्यासारखे वाटले. वय झालं होतं त्याचं, म्हणाले, कुणाच्याही हातून होतं. मी म्हटलं, निदान ती कोरी पट्टी द्या. त्यांनी कशाला, कशाला केलं. मग कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणाले. मी बसूनच राहिले. शेवटी त्यांनी पुस्तकांमागून एक पाकीट काढलं. इतक्या सावकाश दिलं की मला वाटलं त्यांना ते सोडवत नाही.

पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. घरी बाबांच्या जुन्या पट्ट्यांचे डबे होते. त्यांतली एक काढून मी दोन्ही शेजारीशेजारी खिडकीला लावल्या, आणि का कुणास ठाऊक, कडा वाचायला लागले. सवय. माणसं मजकूर वाचतात, मी आधी समास बघते. जुन्या पट्टीच्या शेवटी दोन घरं न वापरलेली, कोरी होती. पण कडेला बारीक आकडे होते, घराला एक, कोऱ्या घरांनाही. दुसरी जुनी पट्टी काढली, तिसरी काढली. सगळीकडे आकडे. कंपाउंडरांनी दिलेल्या पट्टीला कडेने काहीच नव्हतं.

भूगोलाच्या बाई शाळेतून परतताना मला रस्त्यात भेटल्या. भेटल्या म्हणजे मी शाळेच्या फाटकाशी उभीच होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, फिल्मच्या कडेचे आकडे कुठून येतात? त्यांच्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. ते आकडे कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात, त्या म्हणाल्या, पण दिसत नाहीत. पहिल्या बाटलीतलं औषध, डेव्हलपर, लागलं की चित्रांबरोबर तेही उमटतात. दुसऱ्या बाटलीतला फिक्सर उमटलेलं टिकवतो आणि न उमटलेलं धुऊन टाकतो. तू एकही फोटो काढला नाहीस तरी आकडे येणारच.

"आणि नाही आले तर?"

"तर मग पहिलं औषध लागलंच नाही. फिक्सर आधी पडला असेल तर सगळंच..." त्या थांबल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे का विचारतेस?"

मी पर्समधलं पाकीट अर्धवट बाहेर काढलं. त्यांनी पट्टी मागितली नाही. थोडं चालून म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यभर लोकांना औषधं दिली. एकदाही चुकीची बाटली गेली नाही, हे ते सगळ्यांना सांगत आलेत. तेवढंच आहे त्यांच्यापाशी." मग म्हणाल्या, "मला तू काही विचारलं नाहीस."

म्हणजे आता मीच काय ते ठरवायचं होतं.

कंपाउंडर ओट्यावर फोटोंची थाळी धुवत होते. मी पट्टी ओट्यावर ठेवली.

"काका, याला आकडे नाहीत."

कसले आकडे, असं त्यांनी विचारलं नाही. नळ बंद केला. पट्टी उचलली, पण उजेडाला धरली नाही.

"नाहीत," ते म्हणाले.

"बाबांचा रोल बसला होता."

"बसला होता. कॅमेऱ्यातून काढायला उलटा गुंडाळला, तेव्हा हाताला ताण लागत होता. पूर्ण शेवटापर्यंत."

नंतरचं त्यांनी तुटक सांगितलं. सुनेने फळी पुसून बाटल्या परत लावल्या होत्या, जागा बदलून. पण हे मी सूट मागायला सांगत नाही, असं दोनदा म्हणाले. हाताने नेहमीच्या जागेवरची बाटली उचलली. वास आला तोवर होऊन गेलं होतं. मी विचारलं, मग बोटांचं कशाला सांगितलंत?

त्यांनी थाळीतलं पाणी ओतून टाकलं. "तो गेला होता. त्याला काही लागणार नव्हतं. मला लागणार होतं."

मला ओरडता आलं असतं. त्यांच्या सुनेला हाक मारता आली असती. पण माझं काम समासात खूण करण्यापर्यंतच असतं. दुरुस्ती ज्याचं लिखाण त्याने करायची. मी म्हटलं, रविवारी मी आहे, आत्यालाही आणते. आणि पट्टी तिथेच ठेवून निघाले. दारापर्यंत गेल्यावर वाटलं, चूक केली. आता पुरावाही त्यांच्याकडेच राहिला.

आत्या आधी म्हणाली, त्या भिंती बघायला मी येत नाही. मग साडी बदलून दारात उभी राहिली.

मी पुन्हा बाबांच्या खुर्चीवर बसले. कंपाउंडर उशिरा आले, हातात एकच फोटो. तो पालथा ठेवला आणि त्यावर तळवा ठेवून बसले. बाईंची गोष्ट झाली, शाळेतल्या जुन्या नकाशाची. ती मी ऐकली नाही. माझं लक्ष त्या तळव्याकडे होतं. ते त्याखाली काहीही ठेवू शकत होते. नातवाचा फोटो, कुंडीतलं झाड. गोड गोष्ट सांगतील, सगळे जुळलं म्हणतील, आणि बाबा बिचारेच राहतील. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

कंपाउंडरांची पाळी आली. ते सावकाश बोलायला लागले, दुकानाबद्दल. गल्ल्यामागे बाटल्या कशा लावलेल्या असायच्या, पहिल्या मालकाने डोळ्यांवर रुमाल बांधून कशा ओळखायला लावल्या, सगळ्या कशा बरोबर आल्या. त्याचा अभिमान कसा अंगात भिनला. मास्तर जांभई दाबत होते. ही गोष्ट त्यांनी अनेकदा ऐकलेली होती. मला वाटलं, संपली. इथेच थांबणार.

"म्हणून मी कधी लेबल लावलं नाही," कंपाउंडर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. मग त्यांनी त्या दुपारचं सांगितलं. फळी, बाटली, वास. मास्तरांची जांभई मध्येच थांबली. शेवटी ते आत्याकडे वळले आणि तिलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "दातवाल्यांचा रोल नीट बसला होता. सगळे फोटो आत होते. ते माझ्या हातून गेले."

आत्या घड्याळ मनगटावर वरखाली करत होती. "मी म्हणतच होते," ती म्हणाली. ती असं कधीच म्हणत नव्हती.

मास्तर उठले आणि सरळ खुंटीकडे गेले. बाबांचा कॅमेरा मी येताना तिथे अडकवला होता. पट्ट्याचं बक्कल सोडवून त्यांनी ते खालच्या, ताणून लांबट झालेल्या भोकात घातलं. पाठ आमच्याकडे होती आणि ती लवकर वळली नाही.

मी समोरच्या पालथ्या कागदाकडे बघत होते. कंपाउंडरांनी तळवा उचलला. फोटो उलटला.

एक फळी. फळीवर दोन तपकिरी बाटल्या, एकाच उंचीच्या, एकाच गळ्याच्या, कुणालाही ओळखू येणार नाहीत अशा. डावीकडच्या बाटलीच्या गळ्यात मात्र एक रबर बांधलेलं, नवं. फळी जराशी डावीकडे कलली होती. त्यांचा हात हलला असेल.

मी कंपाउंडरांच्या डाव्या हाताला बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"जुळलं," मी म्हटलं.